गिरगावातल्या छापखान्यात कानबान, फाइव्ह-एस, पोका-योके: वर्षभर वापरल्यावर काय टिकलं

आमचा छापखाना गिरगावात, चाळीच्या तळमजल्यावर. एक जुनं ऑफसेट मशीन, एक कटिंग मशीन, डीटीपीचं (कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायचं) टेबल आणि मागे बाइंडिंग. लग्नपत्रिका, बिलबुकं, मंडळांची पावतीपुस्तकं, अहवाल असं किरकोळ काम. मालक माझे काका. ऑर्डरी आणि हिशेब माझ्याकडे. गेल्या वर्षी गणपतीची गडबड उरकल्यावर आम्ही कानबान, फाइव्ह-एस आणि पोका-योके या कारखान्यातलं काम नीट लावायच्या जपानी पद्धती लावायला घेतल्या. आता मधे पूर्ण लगीनसराई आणि एक गणपती गेलाय, म्हणून लिहितेय. यावर जे वाचायला मिळतं ते एकतर क्लासची जाहिरात असते, नाहीतर हजार कामगारांच्या कारखान्याचं असतं. (मुंबईत हा विषय निघाला की डबेवाल्यांचा दाखला येतोच. इथे नाही येणार.)

निकाल आधीच सांगते. जिथे वस्तूच माणसाला अडवते, तिथे पद्धत टिकली. जिथे माणसाने लक्षात ठेवून काहीतरी भरायचं होतं, तिथे दिवाळीपर्यंत सगळं गुंडाळलं गेलं.

सुरुवात फाइव्ह-एसने केली. नको ते काढा, हवं ते जागेवर ठेवा, साफ करा, सगळ्यांनी एकाच रीतीने करा आणि सोडू नका, एवढंच ते आहे. नको असलेल्या मालावर लाल चिठ्ठी लावायची असते. आमच्याकडे नको असलेला माल म्हणजे उरलेल्या कागदाची कात्रणं, पोटमाळ्यापर्यंत.

"अगं, टाकू नकोस, कधीतरी लागेल," काका म्हणाले.

"टाकत नाही काका, नुसती चिठ्ठी लावते. होळीपर्यंत कोणी हात लावला नाही तर रद्दीवाला."

होळीला काकांनी स्वतःच रद्दीवाल्याला हाक मारली. मरून रंगाच्या कार्डाचा एक गठ्ठा तेवढा वाचवला, तो अजून आहे. पण मोकळ्या झालेल्या जागेत कटिंगचं टेबल बसलं आणि बाइंडिंगच्या मावश्यांना कापलेला माल डोक्यावरून न्यावा लागत नाही. गिरगावात जागेचा भाव बघता निव्वळ यासाठीसुद्धा फाइव्ह-एस करावं. पान्यांच्या आकाराच्या पिवळ्या टेपा भिंतीवर लावल्या, त्या मात्र मशीनवाल्या मामांना अजिबात रुचल्या नाहीत. "मला डोळे मिटून सापडतं," म्हणतात. खरंच सापडतं. पण मामा शिमग्याला गावी गेले की बदली माणूस दहाचा पाना शोधत बसतो, म्हणून टेपा ठेवल्यात.

खरा फायदा झाला तो पोका-योकेचा, म्हणजे चूक होऊच न देणाऱ्या युक्त्यांचा. हे शिगेओ शिंगो यांचं काम. त्यांचं 1961 सालचं एक उदाहरण प्रसिद्ध आहे. एका कारखान्यात छोटा स्विच जोडताना आत दोन स्प्रिंगा बसवायच्या असत आणि कामगार कधीकधी एक विसरत. शिंगोंनी सांगितलं, आधी दोन स्प्रिंगा बशीत काढा, मग जोडायला घ्या. बशीत स्प्रिंग उरली तर स्विच पुढे जाणार नाही. कोणाला रागावणं नाही, काही लिहिणं नाही. आमच्या मावश्या आता जितकी पुस्तकं बांधायची तितकेच पुठ्ठे मोजून ट्रेमध्ये घेतात. ट्रेमध्ये पुठ्ठा उरला की एखादं पुस्तक अर्धवट राहिलंय, हे तिथल्या तिथे कळतं.

पावतीपुस्तकांचं त्याहून सोपं निघालं. शंभर पावत्यांचं पुस्तक असेल तर शेवटच्या पावतीचा नंबर 00 ने संपलाच पाहिजे. नंबरिंगचा खटका मधे अडकून एखादा आकडा दोनदा पडला की शेवट हुकतो. पूर्वी मावश्या अख्खं पुस्तक चाळायच्या, आता फक्त शेवटची पावती उलटतात. मंडळाच्या खजिनदाराच्या हातात एकाच नंबरच्या दोन पावत्या गेल्या तर काय होतं, हे गिरगावात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

पण सगळ्यात जास्त चुका पत्रिकांच्या. डीटीपीत सर्रास जुन्या पत्रिकेची फाइल उघडून त्यावरच नवीन नावं टाइप करतात. गेल्या लगीनसराईत एका पत्रिकेत नवऱ्यामुलाच्या आजोबांच्या नावामागे आधीच्या घरातलं 'कै.' तसंच राहिलं. आजोबा ठणठणीत, रोज चौपाटीवर फेरी मारणारे. प्रूफ व्हॉट्सॲपवर गेलं, घरातल्या चौघांनी अंगठे दाखवले. प्लेट (छपाईसाठी मशीनवर चढवायचा पत्रा) झाल्यावर आजोबांनीच पकडलं. त्यांनी हसण्यावारी नेलं, आजी मात्र भडकल्या. प्लेटचा खर्च अर्थातच आमच्या अंगावर.

आता जुनी फाइल उघडायचीच नाही. एक कोरी मास्टर फाइल आहे, तिच्यात नाव, वार, मुहूर्त, हॉल या प्रत्येक जागी मोठे काळे गोळे आहेत. श्री., सौ., कै. यांतलं काहीच आधी टाकलेलं नाही. एखादी जागा भरायची राहिली तर गोळा दाराशी उभं राहूनही दिसतो. ऑर्डरच्या कागदावर तारीख, वार आणि तिथी पार्टीकडून वेगवेगळ्या लिहून घेतो आणि कॅलेंडरशी ताडतो. तिन्ही जुळल्या नाहीत तर काम घेतच नाही. लोक वैतागतात, पण यादी करताना वारात गफलत किती जणांकडून होते ते आम्हाला माहीत आहे.

बिलबुकांना जीएसटी नंबरने वाचवलं. हा नंबर 15 अक्षरांचा: पहिली दोन राज्याची (महाराष्ट्र 27), पुढची दहा पॅनची आणि अगदी शेवटचं अक्षर बाकीच्यांवरून हिशेबाने काढलेलं. त्यामुळे एखादा अंक चुकला की नंबरच अवैध ठरतो. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकायचा, येणारं नाव ऑर्डरच्या नावाशी जुळलं तरच फाइल प्लेटला. मोबाइल नंबरला अशी सोय नाही, तो पार्टीला फोन करून मोठ्याने वाचून दाखवतो. 'ऱ्य' आणि 'ऱ्ह'वरही अजून तोडगा नाही. व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर आमच्या जुन्या फॉन्टात बदलताना गोऱ्हे, कुऱ्हाडे अशी आडनावं हमखास फाटतात. ती डोळ्यांनीच बघावी लागतात.

आता जे फसलं ते. एका कन्सल्टंटने भली लांब चेकलिस्ट करून दिली होती. महिन्याभरात सगळ्या चौकोनांत एकाच पेनाने, एका दमात मारलेल्या टिका दिसायला लागल्या. ती फाडून जॉबच्या पाकिटावर तीनच ओळी ठेवल्या, आणि ज्याने काम केलं त्याने सही करायची नाही हा नियम केला. तेवढं चालतंय. सकाळची उभ्याउभ्या मीटिंग चहात विरघळली. कामाचा फळा मोबाइलवर दाखवणारं एक ॲप महिन्याच्या भाड्याने घेतलं होतं. शाईच्या हाताने मोबाइल कोण उघडणार? बंद केलं. भिंतीवरचा पांढरा बोर्ड आणि मॅग्नेट पुरतात.

वेस्टेजचं म्हणाल तर, रोजच्या फुकट गेलेल्या कागदाचं वजन करून बोर्डावर लिहायला लागलो. त्यातून दिसलं की छपाईत बिघडतं त्याहून जास्त कागद काम बदलताना, रंग जुळेपर्यंत जातो. मग एका रंगाची कामं लागोपाठ लावली, आणि मशीन चालू असतानाच पुढच्या कामाचा कागद कापून, प्लेट, शाई बाजूला तयार ठेवायला लागलो. फरक पडला. मामांचं म्हणणं, हे ते पहिल्यापासून सांगत होते.

कानबान, म्हणजे माल संपत आला की कार्डाने मागणी. टोयोटाच्या ताइइची ओनो यांना ही कल्पना अमेरिकेतल्या सुपरमार्केटांवरून सुचली: गिऱ्हाईक जेवढं उचलेल तेवढंच फळीवर भरायचं. आमच्याकडे प्रत्येक शाईचे दोन डबे. पहिला संपला की झाकणाला अडकवलेलं कार्ड बोर्डावर, आणि दुसऱ्या दिवशी ऑर्डर. पूर्वी उघडे डबे साय धरून पडायचे आणि नेमकी काळी शाई रात्री संपायची. दोन्ही बंद झालं. कागदालाही तेच केलं, पण पावसाळ्यात ते आपटलं. दादरच्या हिंदमाता चौकात पाणी भरलं की टेम्पो येत नाही, आणि पत्रिका छापायच्या ठरल्या दिवशी कार्डशीट नाही. इकडे जास्त साठा करावा तर दमट हवेने कागद लाटा धरतो आणि रंग एकावर एक बसत नाहीत. टोयोटानेही 2011 च्या भूकंपानंतर पुरवठादारांना चिपचा काही महिन्यांचा साठा ठेवायला लावला, मग आम्ही कोण? मे संपता संपता कागदाच्या कार्डावरचा, किती साठा ठेवायचा तो आकडा मी दुप्पट करते, ऑक्टोबरात परत खाली आणते. रिमची पॅकिंग मात्र मशीनवर चढवायच्या वेळेपर्यंत फोडायची नाही, यावर मामांचं आणि माझं पहिल्यांदाच एकमत झालंय.

बोर्ड, मॅग्नेट, टेप, ट्रे आणि कार्डं एवढाच सामानाचा खर्च. कन्सल्टंटची फी त्याच्या कितीतरी पट, आणि ती दिली नसती तरी चाललं असतं असं माझं मत. काकांचं मत वेगळं आहे: फी दिली म्हणूनच मामांनी ऐकून घेतलं.