पुरात बुडालेली स्विफ्ट 3 लाख 20 हजारांना गळ्यात मारली: जुनी गाडी घेणाऱ्यांनी सीटखाली बघा

2014 ची स्विफ्ट व्हीएक्सआय, पेट्रोल, मीटरवर 58,200 किलोमीटर, आरसी 2029 पर्यंत. पिंपरी-चिंचवडमधल्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानात 3,45,000 सांगितले, 3,20,000 ला सौदा ठरला. वर ‘फाईल चार्ज’ म्हणून 12,500 घेतले. फेब्रुवारी 2025 मध्ये गाडी माझ्या ताब्यात आली आणि जूनचे पहिले दमट दिवस सुरू होताच तिचं खरं रूप बाहेर आलं. गाडी पुरात बुडालेली होती. पाणी सीटच्या उशीपर्यंत गेलेलं. विमा कंपनीने ती टोटल लॉस, म्हणजे दुरुस्त करणं परवडत नाही अशी, धरून पहिल्या मालकाचा दावा आधीच चुकता केला होता. हे सगळं दुकानदाराला माहीत होतं.

‘बघून घ्यायला नको का?’ असं म्हणणाऱ्यांना आधीच सांगतो, बघितलं होतं. जे बघायला सगळे सांगतात ते सगळं बघितलं होतं. मॉडेलही विचार करूनच निवडलं होतं. रोजच्या वापराला जुनी गाडी घ्यायची तर मारुतीचं के-सिरीज पेट्रोल इंजिन हा आजही सर्वांत बिनधोक पर्याय आहे. त्याला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, त्यामुळे बेल्ट तुटून व्हॉल्व्ह वाकायची भीती नाही. क्लच, ब्रेक, सस्पेन्शनचे भाग तालुक्याच्या गावीसुद्धा मिळतात. इंजिन थंड असताना स्टार्ट करून पाहिलं, निळा धूर नव्हता. ऑइलच्या झाकणाखाली पांढरी साय नव्हती. कूलंट स्वच्छ. चढावर क्लच घसरत नव्हता. रंगाची जाडी मोजायच्या यंत्रावर सगळे पॅनेल 110 ते 140 मायक्रॉन, म्हणजे कंपनीचाच रंग, कुठे लांबी (पुटी) भरलेली नाही.

आणि फसवणूक नेमकी इथेच लपते. पार्किंगमध्ये उभी, बंद असलेली गाडी पाण्यात गेली तर इंजिनचं सहसा काही बिघडत नाही. पाण्यात असताना कुणी स्टार्टर मारला तर सिलिंडरमध्ये पाणी अडकून कनेक्टिंग रॉड वाकतो. नाही मारला, तर गॅरेजवाला प्लग काढून सिलिंडर कोरडे करतो, इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल बदलतो, एअर फिल्टर नवा टाकतो, इंजिन पहिल्यासारखं चालतं. रंगालाही काही होत नाही. म्हणजे इंजिन आणि बॉडी या दोन गोष्टी, ज्यांवर आपण सगळा वेळ घालवतो, त्या पुराच्या गाडीत हमखास पास होतात. नासतं ते कार्पेटखालचं वायरिंग. गढूळ पाणी सुकलं तरी त्यातला गाळ आणि क्षार कनेक्टरच्या पिनांत राहतात. कोरड्या हवेत चार-सहा महिने सगळं ठीक चालतं. हवेत दमटपणा आला की तेच क्षार ओलावा धरतात, पिना गंजतात, रोध वाढतो, व्होल्टेज पडतं. सर्वांत जास्त करंट ओढणारी गोष्ट आधी बंद पडते, म्हणून इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग पहिलं गेलं. भर रहदारीत डॅशवर दिवा लागून स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. मग सेंट्रल लॉक आपोआप खटखट वाजायला लागलं, मग ब्लोअर बंद. अशा गाड्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात विकतात, पावसाळ्यात नाही, हे आता कळतं.

आता ते कागद. याचा संताप आजही जात नाही.

दुकानदाराने प्लास्टिकच्या कव्हरात घातलेली फाईल समोर ठेवली होती. त्यात दोन पॉलिसी होत्या. एक नोव्हेंबर 2023 ते नोव्हेंबर 2024 ची, कॉम्प्रिहेन्सिव्ह (स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरणारी), नो क्लेम बोनस 50 टक्के. दुसरी सप्टेंबर 2024 पासूनची, नुसती थर्ड पार्टी (फक्त समोरच्याचं नुकसान भरणारी). पहिली पॉलिसी नोव्हेंबरपर्यंत चालू आहे आणि दुसरी सप्टेंबरलाच काढलीय. कशासाठी? पाच-सहा वर्षं एकही दावा न करता 50 टक्के बोनस टिकवणारा माणूस चालू पॉलिसी सोडून थर्ड पार्टीवर का येईल? विचारलं होतं, अगदी याच शब्दांत विचारलं होतं. उत्तर आलं, “साहेब, मालक बदलला की पॉलिसी नवीन घ्यावी लागते, बोनस जुन्या मालकाकडे राहतो.” यातला दुसरा अर्धा भाग खरा आहे, म्हणून पहिला खपून गेला. बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही, हे बरोबर. पण पॉलिसी गाडीबरोबर नव्या मालकाच्या नावावर करून घेता येते, मोटार वाहन कायद्याच्या कलम 157 मध्ये तशी सोय आहे. चालू पॉलिसी मधेच संपते तेव्हा एक कारण हेही असू शकतं, दावा होऊन गाडीच विमा कंपनीच्या हिशोबातून गेलेली असते. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) 75 टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी टोटल लॉस धरते. मालकाला पैसे मिळतात, सांगाडा भंगाराचा व्यवहार करणारे उचलतात. आरसीवर सहसा त्याची कसलीही खूण राहत नाही.

त्याच फाईलमध्ये दुसरी खूण होती. आरसीवर मालक क्रमांक 2, नाव बदललेलं सप्टेंबर 2024 मध्ये. म्हणजे दुसऱ्या मालकाने पाच महिन्यांत गाडी काढली. “बदली झाली, बंगळुरूला गेले,” असं सांगितलं. बदल्या होतात, लोक गाड्या विकतात, यात संशय घेण्यासारखं काय? पण दोन्ही तारखा शेजारी ठेवा आणि त्यांच्या आधी 25 जुलै 2024 ठेवा. त्या दिवशी खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर पुण्यात सिंहगड रस्त्यालगतच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं होतं. एमएच 12 ची गाडी. जुलैमध्ये पूर, सप्टेंबरमध्ये मालक बदल, सप्टेंबरमध्येच नवी पॉलिसी. पहिल्या मालकाचा पत्ता सर्व्हिसच्या जुन्या बिलावर होता. ते गृहस्थ सरळ बोलले: पाणी सीटपर्यंत होतं, दावा मिळाला, गाडी कंपनीने नेली. त्यांनी काहीच लपवलं नाही.

मीटरचंही तेच. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या नंबरवरून जुनी नोंद निघते. जून 2024 ची शेवटची नोंद 1,07,300 किलोमीटर. मीटरवर 58,200. मीटर मागे फिरवायला आता लॅपटॉप आणि अर्धा तास पुरतो, डॅश उघडल्याचा ओरखडाही दिसत नाही. त्यामुळे मीटरवर भरवसा ठेवूच नका, टोकन देण्याआधी सर्व्हिसची नोंद मागा. दुकानदार ‘बाहेरच सर्व्हिस केलीय’ म्हणाला तरी चासी नंबर घेऊन स्वतः विचारा. ब्रेक पॅडलचं रबर, स्टिअरिंगचं गुळगुळीत झालेलं कव्हर, ड्रायव्हर सीटची दबलेली कड हे मीटरपेक्षा खरं बोलतात. टायरवरचा चार आकडी शिक्काही वाचा: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा.

गाडीत पाणी गेलंय का हे पाहायला स्क्रू ड्रायव्हरही लागत नाही. दाराच्या खालच्या कडेची प्लास्टिकची पट्टी नुसत्या क्लिपांवर असते. ती उचला, कार्पेटची कड वर करा आणि खालच्या जाड नमद्यात बोट घाला. कोरडी माती चिमटीत आली तर तिथेच सौदा सोडा. सीट बेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा. रोजच्या वापरात कधी बाहेर न येणारा तळाचा भाग पाहा, तिथे तपकिरी रेघ असते. ती रेघ धुऊन निघत नाही, म्हणून काही जण चारही बेल्ट नवे टाकतात. दहा वर्षांच्या गाडीत बेल्टच्या लेबलवर ताजं साल दिसलं तर तीही खूणच. सीट मागेपुढे करा. या गाडीची ड्रायव्हर सीट अडकत होती. “ग्रीस मारून देतो,” म्हणाले. रुळांच्या आत आणि सीटच्या बोल्टांवर लालसर गंज होता, वर मात्र नवीकोरी 7-डी मॅट दाबून बसवलेली. जुन्या गाडीत नवं कार्पेट, नवी मॅट, नवं सीट कव्हर आणि अत्तराचा भपका एकत्र आले तर मॅट उचलल्याशिवाय पुढचं बोलणं नको. डिकीत स्टेपनी काढा, जॅकच्या आट्यांमध्ये गाळ अडकलेला असतो, तो कुणी साफ करत नाही.

डॅशखालचा फ्यूज बॉक्स मोबाईलच्या टॉर्चने बघा. तांब्याच्या पिनांवर हिरवट पांढरी पूड म्हणजे पाणी. एअरबॅगची गाडी असेल तर चावी ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. अजिबात लागलाच नाही तर बल्ब काढलेला असू शकतो. मल्टिमीटर असेल तर हेडलाइट, ब्लोअर, मागची काच तापवणारी वायर सगळं चालू ठेवून बॅटरीची निगेटिव्ह आणि आतल्या बॉडीचं अर्थिंग यांच्यातलं व्होल्टेज मोजा. 0.2 व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग सडलेलं आहे.

दुरुस्तीला काय गेलं तेही मांडतो, कारण दुकानदार आजही ‘किरकोळ वायरिंगचं काम’ म्हणतोय. भंगारातलं स्टिअरिंग कॉलम कंट्रोलरसकट 11,500. नवं बीसीएम (लॉक, दिवे वगैरे चालवणारा कंट्रोलर) 8,400. फ्लोअरचं वायरिंग आणि मजुरी 17,600. ब्लोअर मोटर 3,200. अल्टरनेटर 4,800. सीट-कार्पेट काढून धुणं, सुकवणं 6,500. मागचे व्हील बेअरिंग आणि ब्रेक ड्रम 5,300. एकूण 57,300. गाडी आणि फाईल चार्ज धरून 3,89,800. पूर सांगून विकायला काढली तर सगळ्यात मोठी मागणी 1,40,000 ची आली. न सांगता विकली तर आणखी कुणीतरी फसेल, ते करणार नाही.

आता दाद मागायचं. पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य: “हा दिवाणी वाद आहे.” मीटर मागे फिरवलेलं कागदावर दिसतंय, टोटल लॉस लपवलेला दिसतोय, भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये फसवणूक म्हणजे दुसरं काय लिहिलंय? “अर्ज ठेवून जा.” अर्जावर शिक्काही मागून घ्यावा लागला. आरटीओत सांगितलं, आमच्याकडे मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30 आले, सह्या जुळल्या, नाव चढलं, गाडीची अवस्था आमचा विषय नाही. जुन्या गाड्यांच्या डीलरने अधिकारपत्र घ्यायचं, गाडी त्याच्या ताब्यात आली की फॉर्म 29-सी ने ऑनलाइन कळवायचं, हा नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. या दुकानाकडे अधिकारपत्र आहे का, एवढा साधा प्रश्न विचारला. खिडकीवरच्या माणसाने या फॉर्मचं नावच ऐकलेलं नव्हतं! नियम करायचा, छापायचा आणि ज्याने राबवायचा त्यालाच पत्ता नाही. चालान फाडायला मनुष्यबळ आहे, नंबर प्लेटच्या मुदती काढायला आहे, मग भर रस्त्यावर पन्नास गाड्या मांडून बसलेल्या दुकानाचा एक कागद तपासायला का नाही?

ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदली. दुकानदाराने उत्तर पाठवलं: ‘गाडी ग्राहकाने पाहून, चालवून, जशी आहे तशी घेतली, विक्रेता आरसीवरील मालक आहे, आम्ही फक्त मध्यस्थ.’ तक्रार बंद. आणि इथे त्याची चाल कळते. फॉर्म 29-30 वर दुसऱ्या मालकाच्या कोऱ्या सह्या आधीच घेतलेल्या असतात. कागदावर दुकान कुठेच नसतं. 3,20,000 पैकी 2,00,000 बँकेतून गेले, 1,20,000 रोख मागितले, ‘त्याच्यामुळेच भाव कमी केला’ म्हणून. त्या रोखीची पावती साध्या चिठ्ठीवर. सगळे पैसे दुकानाच्या खात्यावर, बँकेतूनच द्या. खातं व्यक्तीच्या नावावर असेल तर थांबा.

उरला जिल्हा ग्राहक आयोग. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं, वकील सक्तीचा नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो. तिथे प्रकरण दाखल आहे. सर्व्हिसची नोंद, दोन्ही पॉलिसी, बँकेचा व्यवहार, दुकानाची जाहिरात आणि व्हॉट्सॲपवरचं ‘नॉन ॲक्सिडेंट, ओरिजिनल किलोमीटर’ हे वाक्य, सगळं जोडलंय. ती जाहिरात त्यांनी नंतर काढून टाकली, म्हणून पाहताक्षणीच स्क्रीनशॉट घेत चला.

आणि टोकन देताना पावतीवर दुकानाच्या शिक्क्यासकट एवढं हाताने लिहून घ्या: “सदर गाडी पाण्यात बुडालेली, टोटल लॉस झालेली किंवा मीटर बदललेली नाही, तसे आढळल्यास पूर्ण रक्कम 7 दिवसांत परत करू.” जो लिहून देत नाही त्याला 500 रुपयेही देऊ नका.