‘डायरेक्ट’चं मूळ शोधताना: एटिमऑनलाइन

शब्दांची व्युत्पत्ती देणारं हे मोफत संकेतस्थळ. ‘डायरेक्ट’ शोधलात तर क्रियापद आणि विशेषण अशा वेगळ्या नोंदी येतात, क्रियापदाचीच उघडा. लॅटिन ‘डिरिगेरे’, म्हणजे सरळ करणे. त्यात ‘रेगेरे’, म्हणजे मार्ग दाखवणे, दडलंय. पत्र कुणाला उद्देशून लिहिणे हा अर्थ चौदाव्या शतकाच्या अखेरचा, सिनेमाचं दिग्दर्शन विसाव्यातलं. ‘ड्रेस’ही याच घरातला! मुळाच्या दुव्यावर ‘रेग’ हा लॅटिन-संस्कृतच्या समान पूर्वज भाषेतला धातू (शब्दाचं मूळ रूप) उघडतो, तिथे आपला ‘राजा’ भेटतो. धातूपुढची तारकेची खूण बघा: ते रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, अभ्यासकांनी तुलनेनं बांधलंय.

गफलत सालांची होते. साल हे साधारण पहिल्या लेखी वापराचं, शब्द जन्मल्याचं नव्हे. वापराची उदाहरणं मात्र तुटपुंजी; त्यासाठी मोठा कोशच हवा.