डिजियात्रा: तीन स्टार, त्यातले दोन निव्वळ रांगेसाठी

आधी कौतुक करतो. ऑफिसच्या कामाने महिन्यातून दोनदा दिल्ली व्हायची म्हणून डिजियात्रा, म्हणजे विमानतळावर चेहरा ओळखून आत सोडणारं अ‍ॅप टाकलं. आधारने व्हेरिफाय, एक सेल्फी, बोर्डिंग पास अपलोड, झालं. कॅमेऱ्याकडे बघायचं की फाटक उघडतं, बाजूच्या रांगेत लोक कार्ड शोधत पिशव्या उपसतायत आणि आपण आत. खोटं कशाला बोलू, मजा येते.

मग आईबाबांना घेऊन गेलो. कुठला विमानतळ ते नाही सांगत. दारात एक पोरगा टॅब घेऊन उभा, त्याने आईचा पास स्कॅन केला, "मावशी, इकडे बघा" म्हणाला आणि फोटो काढून मोकळा. आईला वाटलं चेकिंगच आहे. मी विचारलं हे काय, तर म्हणे डिजियात्रा, कम्पल्सरी नाहीये सर, पण पटकन होतं. अरे मग आधी विचार की! आईचं दुःख वेगळंच, केस विस्कटलेले होते म्हणे.

१ डिसेंबर २०२२ ला दिल्ली, बंगळुरू, वाराणसीत हे सुरू झालं तेव्हापासून सांगतायत की ऐच्छिक आहे, माहिती तुमच्याच फोनमध्ये असते, विमानतळाकडे गेलेली २४ तासांत पुसतात. पुसत असतीलही, पण बघायचं कोणी? चालवते डिजियात्रा फाउंडेशन, त्यात सरकारी एअरपोर्ट ऑथॉरिटीचा वाटा २६ टक्के, बाकी विमानतळ कंपन्यांचा, म्हणजे खासगी म्हणून आरटीआयच्या बाहेर. वर २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, त्याच्या कलम १७ मध्ये केंद्र देशाच्या सुरक्षेच्या नावावर हव्या त्या सरकारी यंत्रणेला सूट देऊ शकतं. २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने प्रायव्हसी मूलभूत हक्क ठरवला, पण टॅबवाल्या पोराला ते कोणी सांगितलेलं दिसत नाही.

बाबा म्हणाले, आपल्याला काय लपवायचंय? म्हटलं मग एटीएममध्ये मागच्या माणसाला लांब व्हायला का सांगता. गप्प बसले, पण पटलेलं नाही.

परत येताना दुसरा पोरगा टॅब घेऊन पुढे आला तर आईच म्हणाली, "फोटो नको हो, कार्ड बघा." जवानाने कार्ड बघितलं, सोडलं. दोन मिनिटं जास्त लागली असतील. मी मात्र शेजारच्या फाटकातून चेहरा दाखवूनच गेलो, सवय लागलीये ना.