जळगावातील सुट्या भाजीचे दुकान : वर्षभराचा अनुभव

आमच्या वसाहतीजवळच्या या दुकानात भाजी पाट्यांमध्ये सुटी मांडलेली असते आणि पिशवी ग्राहकाने घरून आणायची असते. मी वर्षभर येथूनच खरेदी करते, याचे मुख्य कारण भरताचे वांगे हे आहे. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले हे फिकट हिरवे वांगे हातात घेऊन पारखावे लागते. आकाराच्या मानाने हलके असेल तर त्यात बिया कमी असतात, असे आमच्याकडे मानतात, देठ हिरवागार असावा लागतो आणि किडीचे बारीक छिद्र तर फिरवून पाहिल्याशिवाय दिसतच नाही. पूर्वी एका मोठ्या दालनातून आणलेल्या बंद पाकिटात खालची दोन वांगी सडकी निघाली होती. तोडलेली भाजीही श्वसन करते, त्यामुळे हवाबंद प्लास्टिकमध्ये बाष्प साचून बुरशी धरते.

येथे पावशेर मिरचीही मागता येते, हे दोन माणसांच्या घराला फार सोयीचे आहे. महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी असूनही त्या सर्रास दिसतात. हा दुकानदार मात्र नियम मनापासून पाळतो, याचा मला आदर वाटतो.

एक उणीव सांगायलाच हवी. मे महिन्यातील उन्हात ओले गोणपाट टाकूनही मेथी आणि कोथिंबीर दुपारपर्यंत माना टाकतात. पालेभाजी हवी असल्यास सकाळी नऊच्या आत जावे.