नवी म्हणून बसवलेली डिस्क घिसलेली निघाली

सायकलच्या ब्रेकची डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी धातूची चकती, बदलायला दुकानात देत असाल, तर नवी डिस्क आपल्यासमोर पाकिटातून काढायला सांगा आणि जुनी परत मागून घ्या. एवढं वाचून कोणी थांबलं तरी चालेल. पण ज्यांच्या घरची मुलं माउंटन बाईक घेऊन ठाण्यातल्या येऊरच्या डोंगरावर जातात, त्यांनी कृपया पुढचंही वाचा. प्रश्न उतारावरच्या ब्रेकचा आहे.

माझा भाचा डिप्लोमाला आहे, वर्तकनगरला आमच्याकडेच राहतो. इगतपुरीहून येताना टेम्पोत त्याची सायकल बाकीच्या सायकलींखाली आडवी पडली होती. तेव्हापासून पुढचं चाक फिरवलं की प्रत्येक फेऱ्यात एकदा ‘शिंग’ असा आवाज यायचा. ब्रेक व्यवस्थित लागत होता, चाक अडत नव्हतं. घोडबंदर रोडच्या एका दुकानात आम्ही सायकल दाखवली. दुकान चकाचक, भिंतीवर महागड्या सायकली टांगलेल्या. मालकाने चाक एकदा फिरवलं आणि सांगितलं, “डिस्क आऊट झालीय मॅडम. डिस्कचा आऊट निघत नाही. जबरदस्तीने काढला तर उतारावर तुटते. पॅडही संपलेत, ब्लीडिंगही लागेल.” आऊट म्हणजे वाकडी, पॅड म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून चाक थांबवणारे तुकडे, आणि ब्लीडिंग म्हणजे ब्रेकच्या तेलातली हवा काढणं. उतारावर तुटते म्हटल्यावर घरातलं कोण नको म्हणणार?

संध्याकाळी सायकल मिळाली, आवाज बंद होता. बिल ३,७०० रुपये: डिस्क १,८००, पॅड ९००, ब्लीडिंग ६००, मजुरी ४००. सगळं वहीच्या पानावर पेनाने लिहिलेलं, ना शिक्का ना जीएसटी नंबर. जुनी डिस्क मागितली तर “भंगारवाला घेऊन गेला” म्हणाला. सकाळी काढलेली डिस्क संध्याकाळपर्यंत भंगारात!

काही आठवड्यांतच आवाज परत आला. येऊरहून उपवनला उतरताना ब्रेक किंचाळायला लागला, लीव्हर पूर्वीपेक्षा जास्त आत जाऊ लागला. आमच्या शेजारचे काका वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीच्या टूलरूममधून निवृत्त झालेत. त्यांनी थांबलेल्या चाकाच्या डिस्कवर आतून बाहेर नख सरकवलं, तर कडेला ते अडलं. पॅड जिथे घासतो तो पट्टा झिजून खाली गेला होता आणि कडेला न झिजलेला काठ उरला होता. नव्या डिस्कला असा काठ नसतो. मग त्यांनी घरून मायक्रोमीटर, म्हणजे बारीक जाडी मोजायचं साधन, आणला. पट्ट्यावर जाडी भरली १.३८ मिलिमीटर. शिमानो कंपनीची साधी नवी डिस्क १.८ मिलिमीटर असते आणि १.५ च्या खाली गेली की बदलायची असते. ही किमान जाडी शिमानोच्या डिस्कवरच बारीक अक्षरात कोरलेली असते. आमच्या या ‘नव्या’ डिस्कवरही ती होती, अर्धवट पुसट झालेली.

पॅडचं तर त्याहून वाईट. पॅड धरून ठेवणारी पिन गंजून जागच्या जागी बसली होती. ती काढल्याशिवाय पॅड बदलताच येत नाहीत आणि कित्येक महिन्यांत तिला कोणी हात लावलेला नव्हता. म्हणजे ९०० रुपयांचे पॅड आलेच नाहीत. ब्लीडिंग केलं की नाही ते सांगायची गरज राहिली नाही.

काकांनी यातली मेख समजावली, तीच सगळ्यांना कळावी म्हणून मी हे लिहिते आहे. आऊट झालेली डिस्क पुष्कळदा चांगली जाड असते, फक्त थोडी वाकलेली. जाणत्या हाताला ती सरळ करायला जेमतेम दहा मिनिटं लागतात. घिसलेली डिस्क दिसायला सरळ, पण आयुष्य संपलेली. दुकानदार तुमची जाड डिस्क काढून घेतो आणि कोणाची तरी घिसलेली घासूनपुसून तुम्हाला लावतो. आवाज बंद होतो आणि गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं. ०.४ मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही. तुमची डिस्क सरळ होऊन उद्या दुसऱ्याला ‘नवी’ म्हणून जाते. आमच्या डिस्कचं हेच झालं असणार असं मला वाटतं. पातळ डिस्क लवकर तापते, तापली की पुन्हा वाकते, म्हणजे गिऱ्हाईक परत त्याच दारात. आणि हे सगळं एका पोराच्या पुढच्या ब्रेकवर चाललेलं, ज्याला वळणावळणाचा उतार रोज उतरायचा आहे. याची मला आजही चीड येते.

आऊट निघत नाही हे साफ खोटं आहे. आम्ही पाकीटबंद नवी डिस्क आणून बसवली, तर तीही किंचित आऊट निघाली. नव्यातही असं होतं. काकांनी घाई केली नाही. आधी चाक फोर्कमध्ये नीट बसलंय का, चाक पकडणारा क्विक रिलीजचा खटका घट्ट आहे का, हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) बेअरिंगमध्ये खेळ आहे का आणि डिस्कचे सहा बोल्ट ढिले तर नाहीत ना, हे पाहिलं. यातलं काहीही बिघडलं असेल तर डिस्क निर्दोष असूनही घासते. मग कॅलिपरच्या, म्हणजे पॅड बसवलेल्या भागाच्या, मागे पांढरा कागद धरून चाक हळूहळू फिरवलं. डिस्क आणि पॅडमधली पांढरी फट जिथे बंद होते, तिथल्या डिस्कच्या दांडीवर पेनाने खूण केली. पट्ट्यावर खूण करायची नाही आणि बोटही लावायचं नाही, कारण हाताचा तेलकटपणा पॅडला लागला की ब्रेक किंचाळतो. ॲडजस्टेबल पान्याचे जबडे स्वच्छ पुसून डिस्क तिथे पकडली आणि उलट बाजूला अगदी हलका दाब दिला. फिरवून पाहिलं, पुन्हा दाब दिला. एकदम जोर लावला तर ती दुसरीकडे वाकते. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतली.

आवाजावरूनही पुष्कळ कळतं. फेऱ्यात एकदाच घासत असेल तर डिस्क आऊट. सतत घासत असेल तर बहुतेक वेळा कॅलिपर सरकलेला असतो. त्याचे दोन बोल्ट ढिले करायचे, ब्रेक दाबून धरायचा आणि तसाच धरून बोल्ट घट्ट करायचे, एवढंच काम. डिस्कला तडा गेला असेल, ती दुमडल्यासारखी मुडपली असेल किंवा तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीच्या (शिमानोत १.५) खाली गेली असेल, तर मात्र बदलायलाच हवी. प्रामाणिक मेकॅनिक हे मोजून दाखवतो. ठाण्यात असे मेकॅनिक आहेत, आता आमचं काम तिथेच जातं.

आम्ही मायक्रोमीटर घेऊन दुकानात गेलो. मालक आधी म्हणाला, नवा माल असाच येतो. काकांनी त्याच्याच काउंटरवरची पाकिटातली डिस्क मोजून १.८ दाखवली, तेव्हा दोष कामावरच्या पोरावर ढकलला. लेखी नोटीस दिल्यावर डिस्क आणि पॅडचे पैसे परत आले. ब्लीडिंग आणि मजुरीचे अजून दिलेले नाहीत, आमची जुनी डिस्क तर नाहीच.

त्या रकमेसाठी मी ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाते आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात नियमाप्रमाणे बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा धरली आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते, वकील लागत नाही आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं. वहीच्या पानावरचं बिल, यूपीआयची नोंद आणि मायक्रोमीटर लावलेल्या डिस्कचा फोटो एवढं मी जोडलं आहे. घिसलेली डिस्क कोणीही रागाने फेकून देऊ नका, तोच पुरावा आहे.

गेल्या वर्षभरात कोणी डिस्क बदलून घेतली असेल आणि जुनी हातात मिळाली नसेल, तर आजच पाहा. चाक पूर्ण थांबू द्या, फिरत्या डिस्कने बोट कापतं. मग नख फिरवून काठ लागतो का बघा, आणि लागला तर जाडी मोजून घ्या. वर्नियर या मोजपट्टीचे जबडे त्या काठावर अडून जाडी जास्त दाखवतात, म्हणून मायक्रोमीटरच वापरा. डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा (शिमानोत १.५) कमी भरली तर डिस्क बदलेपर्यंत त्या सायकलवरून येऊर उतरू नका.