नवीन गाडीची वॉरंटी: पुस्तक वाचून आणि वापरून आलेला अनुभव (कोल्हापूर)

गाडीचा रिव्ह्यू लिही म्हणून मित्र मागं लागलेत, पण मायलेज किती, सनरूफ कशी, डिकीत किती बॅगा बसतात हे सगळं यूट्यूबवर पडलंय की, त्यात मी नवीन काय सांगणार. ज्याच्यावर कोण बोलत नाही ती गोष्ट म्हणजे वॉरंटी. शोरूममध्ये "तीन वर्षं एक लाख किलोमीटर, टेन्शनच घेऊ नका सर" एवढं एक वाक्य टाकतात आणि आपण मोठी चावी हातात धरून फोटो काढतो, विषय संपला. तर हा रिव्ह्यू वॉरंटीचा आणि ती वॉरंटी देणाऱ्या सर्व्हिस सेंटरचा. शोरूमचं नाव घेत नाही, हायवेला आहे एवढं पुरे. गाडी पेट्रोल मॅन्युअल, चार मीटरच्या आतली, २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटी उतरल्यावर दसऱ्याला घेतलेली.

मी गोकुळ शिरगावला फाउंड्रीत क्वालिटीला आहे, त्यामुळं वॉरंटी या प्रकाराची दुसरी बाजू रोज बघतो. आमच्या कास्टिंगमध्ये (ओतीव पार्टमध्ये) ब्लोहोल, म्हणजे आत हवेची पोकळी, निघाला की मशिनिंगला रिजेक्ट होतं आणि डेबिट नोट, म्हणजे आमच्याकडून पैसे कापल्याचा कागद, येते. तोच ब्लोहोल कुणाच्या लक्षात न येता गाडीत बसून गेला आणि रस्त्यावर फेल झाला तर तो वॉरंटी क्लेम, आणि मग डेबिट नोट बघून मालकाचं तोंड बघण्यासारखं असतं. सांगायचा मुद्दा असा की कंपनीची वॉरंटी म्हणजे मटेरियलमधला किंवा बनवण्यातला दोष, बास. गाडीला काय पण झालं तर कंपनी बघून घेईल असा त्याचा अर्थ होत नाही, आणि लोकांचं ९० टक्के भांडण इथंच होतं.

पैशाचा प्रवास कसा असतो ते समजलं की सर्व्हिस ॲडव्हायझर, म्हणजे काउंटरला आपली तक्रार घेणारा माणूस, असा का वागतोय ते कळतं. डीलर पार्ट बदलतो, त्याचा क्लेम कंपनीकडं टाकतो, जुना पार्ट टॅग लावून ठेवावा लागतो, कंपनी पाहिजे तर तो मागवून तपासते, दोष सप्लायरचा असला तर त्याच्या नावावर टाकते. आणि कंपनीनं क्लेम नाकारला तर? तो पार्ट आणि मजुरी डीलरच्या अंगावर. म्हणून तो आधी पुरावा बघतो, आणि पुरावा नसला की "नॉर्मल आहे सर, या मॉडेलला येतोच आवाज" हे वाक्य बाहेर पडतं.

माझ्या गाडीत रिव्हर्स टाकला की कधी कधी स्क्रीन काळी पडायची. रोज नाही, मनात येईल तेव्हा. सर्व्हिस सेंटरला नेली की शहाण्यासारखी वागायची. पहिल्यांदा त्यांनी सॉफ्टवेअर अपडेट मारलं आणि जॉब कार्डवर (तक्रार आणि काम लिहितात त्या कागदावर) "जनरल चेकअप" लिहून मोकळे झाले, ते मी तिथंच अडवलं. म्हटलं, "अहो, मी जे सांगतोय ते लिहा की, रिव्हर्स टाकल्यावर कॅमेरा लागत नाही, स्क्रीन बंद पडते, असं." पोरगं बिचारं नवीन होतं, म्हणालं, "सर, सिस्टीममध्ये तसा ऑप्शन येत नाही." मग वरच्या माणसाला बोलावलं, रिमार्कमध्ये टाईप करून घेतलं, त्याची प्रिंट घेतली. पुढच्या वेळी मोबाईलवर व्हिडिओ काढून नेला, व्हिडिओत किलोमीटर आणि तारीख दिसेल असा. त्यानंतर मात्र एका शब्दानं वाद नाही, फोटो काढले, क्लेम टाकला, अप्रूव्हल आलं, पार्ट मागवला. पार्ट यायला वेळ लागला, फोन करून करून कंटाळा आला हे खरं, पण आल्यावर अर्ध्या दिवसात बसवून दिला, पैसे शून्य, आणि इनव्हॉइसवर "वॉरंटी" असं स्पष्ट लिहून दिलं. शून्य रुपयाचं बिल असलं तरी घ्याच, तो पार्ट परत बिघडला तर आधी कधी बदललाय याचा कागद तुमच्याकडं पाहिजे.

जॉब कार्डवर माझा एवढा जोर का, तर वॉरंटी संपायच्या आधी तक्रार नोंदवलेली असली आणि तोच दोष नंतर पूर्ण बाहेर पडला तर तुम्हाला भांडायला जागा राहते. तोंडी सांगितलेलं कुठंच नसतं. आमच्याकडं पण तसंच, इन्स्पेक्शन रिपोर्टवर नाही म्हणजे झालंच नाही.

आता काय बसत नाही ते. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर ब्लेड, फिल्टर, ऑइल, बल्ब, फ्यूज, म्हणजे वापरून झिजणाऱ्या आणि संपणाऱ्या वस्तू साधारण सगळ्याच कंपन्या बाहेर ठेवतात. माझ्या मेव्हण्याची गाडी दुसरी, दर शनिवार-रविवार गगनबावड्याकडं, घाटात हाफ क्लचवर गाडी धरून उभं राहायची सवय. क्लच लवकर गेला आणि हा वॉरंटी मागायला गेला. नाही मिळाली, मिळणारच नव्हती. त्याचं म्हणणं, "नवीन गाडी आहे हो दाजी, एवढ्यात क्लच जातो का?" आता झिजलेल्या प्लेटकडं बघून कारण कळतं, जळाल्याचा वास त्या दिवशी आम्हा सगळ्यांना आला होता. फ्री सर्व्हिसचं पण तसंच, फ्री म्हणजे मजुरी फ्री, ऑइल आणि फिल्टरचं बिल होणार, त्यावरून काउंटरला आवाज चढवण्यात अर्थ नाही.

टायर आणि बॅटरी, म्हणजे स्टार्टरची बारा व्होल्टची बॅटरी, यांची वॉरंटी बहुतेक वेळा ज्यानं बनवली त्या कंपनीची असते, गाडीच्या कंपनीची नाही. शोरूमवाला तुम्हाला बॅटरीवाल्याकडं पाठवणार. टायरच्या साईडला चार आकडी कोड असतो, ३२२५ असेल तर २०२५ सालचा बत्तिसावा आठवडा. डिलिव्हरी घेताना पाचही टायरचा बघून घ्या, स्टेपनी विसरू नका. गाडी यार्डात महिनोन् महिने पडून होती का त्याचा पण अंदाज येतो. गाडीची वॉरंटी मात्र बनवल्याच्या तारखेपासून नसते, विकल्याच्या म्हणजे डिलिव्हरीच्या तारखेपासून चालू होते, ती तारीख पुस्तकात शिक्क्यासकट लिहून घ्या.

बाहेरचं काम हा आपल्या गावाचा जुना नाद. हॉर्न बदल, फॉग लॅम्प टाक, डॅशकॅम टाक, लाईट दिवाळीसारख्या पाहिजेत. उद्यमनगरातले मिस्त्री हात चांगला असलेले आहेत, त्यांच्यावर माझा काय आक्षेप नाही, पण कंपनीची वायर कापून जोड मारला आणि उद्या त्याच सर्किटला काय झालं की ॲडव्हायझर पहिला बोट तिथं ठेवणार. "बाहेर काम केलं की सगळी वॉरंटी गेली" अशी धमकी जी देतात ती पण पूर्ण खरी नाही हं. माझ्या पुस्तकात लिहिलंय ते असं, की त्या बदलामुळं जे बिघडलं त्याची जबाबदारी कंपनी घेत नाही. हॉर्न बदलला म्हणून गिअरबॉक्सची वॉरंटी नाकारत असतील तर कुठल्या कलमाखाली ते लेखी मागा, बहुतेक वेळा सूर खाली येतो. कपलरनं, म्हणजे नुसता प्लग जोडून, बसणारी ॲक्सेसरी घेतली तर वायर कापायचा प्रश्नच येत नाही, मी डॅशकॅम तसाच बसवला. बाहेरून सीएनजी किट बसवणं मात्र वेगळं प्रकरण, तिथं इंजिनावर थेट परिणाम होतो, वॉरंटीत असताना मी तरी हात लावणार नाही, पाहिजे तर फॅक्टरी सीएनजीच घ्या.

कोल्हापुरात राहणाऱ्यांनी दोन गोष्टी जास्त बघा. एक उंदीर. उसाच्या कडंला घर असेल, तोडणी चालू झाली की उंदीर सैरावैरा होतात आणि गरम बॉनेटमध्ये येऊन बसतात, वायरिंग कुरतडलं तर तो बनवण्यातला दोष नाही, वॉरंटीत काही मिळत नाही, इन्शुरन्सवाल्याला विचारायचं. दुसरं पाणी. राजाराम बंधाऱ्याला पंचगंगा ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका हे इथल्या शाळेतल्या पोराला पण पाठ आहे, आणि २०१९ आणि २०२१ चा पूर कोण विसरलेलं नाही. पाण्यात बुडालेल्या किंवा पाण्यातून काढलेल्या गाडीचं इंजिन वॉरंटीत बसत नाही. सिलेंडरमध्ये पाणी शिरलेलं असताना चावी फिरवली की पिस्टन पाणी दाबायला जातो, पाणी काय दबत नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या फुल इन्शुरन्समध्ये पण हे इंजिनाचं काम बऱ्याचदा नाकारतात, त्याच्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन वेगळं घ्यावं लागतं. दुधाळी, शाहूपुरी, कुंभार गल्ली भागात राहणाऱ्यांनी सीट कव्हरचे पैसे वाचवून हे घ्या. आणि गाडी पाण्यात होती असा नुसता संशय असेल तरी स्टार्ट मारू नका, टोइंग करून न्या.

किलोमीटर आणि वर्षं, यातलं जे आधी संपेल ते, हे वाक्य सगळीकडं असतं. मारुतीनं ९ जुलै २०२४ पासून २ वर्षं / ४०,००० किमीची ३ वर्षं / १,००,००० किमी केली, त्याच्या आधी घेतलेल्यांनी आपलं पुस्तक बघा, जाहिरात बघू नका. ह्युंदाई ३ वर्षं आणि किलोमीटरची मर्यादा नाही असं देते. कुणाला काय उपयोगी ते आपापल्या रनिंगवर आहे. इचलकरंजीला रोज अप-डाऊन करणाऱ्याचे साठेक किलोमीटर धरा, वर्षाला अठरा हजार, तीन वर्षांत पंचावन्नच्या आतच, त्याला लाखाचं काय कौतुक, त्याची वर्षंच आधी संपणार. आठवड्यातून दोनदा पुणे करणाऱ्याचे दर खेपेला येऊन-जाऊन साडेचारशेच्या वर होतात, शिवाय गावातलं फिरणं, त्याला अनलिमिटेड किलोमीटर म्हणजे खरोखरचे पैसे. आणि ज्याची गाडी फक्त जोतिबाला आणि लग्नाला निघते त्यानं सर्व्हिसचे महिने बघायचे, किलोमीटर नाही. "दोन हजारच फिरलीय, कशाला सर्व्हिस" म्हणून टाळली आणि नंतर इंजिनाचं काम निघालं तर सर्व्हिस रेकॉर्डमधलं भोक आधी दाखवणार.

एक्स्टेंडेड वॉरंटीवर मला सगळ्यात जास्त लोक विचारतात. मी घेतली. पण घेण्याआधी सर्टिफिकेटचा नमुना मागितला, कारण काही ठिकाणी कंपनीची एक्स्टेंडेड वॉरंटी सांगतात आणि हातात कागद येतो तो तिसऱ्याच कुणाचा. कंपनीची असेल तर तिच्या कुठल्याही अधिकृत सेंटरला चालते, रत्नागिरीला आंबा घाट उतरल्यावर गाडी बंद पडली तरी तिथं काम होतं. दुसऱ्याची असेल तर आधी मंजुरी, मग क्लेमची मर्यादा, मग अजून काय. शिवाय कव्हर पहिल्या तीन वर्षांइतकं रुंद असेलच असं नाही, ती यादी वेगळी वाचावी लागते. ऑटोमॅटिक, टर्बो किंवा स्क्रीन-सेन्सरनं भरलेली गाडी असेल आणि पाच-सहा वर्षं ठेवणार असाल तर घ्या, एक मोठं कंट्रोल युनिट गेलं तरी पैसे वसूल. साधी मॅन्युअल, कमी फिरणारी, तीन-चार वर्षांत विकायची असेल तर मी म्हणेन सोडा. डिलिव्हरीच्या दिवशीच घेतली पाहिजे असा सेल्सवाला रेटा लावतो, पण साधारण मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत घेता येते, उशिरा घेतली की महाग पडते एवढंच. त्याच दमात टेफ्लॉन कोटिंग आणि अंडरबॉडी कोटिंग पण चिकटवतात, त्याचा वॉरंटीशी काही संबंध नाही, मी सरळ नको म्हणालो आणि त्याचं तोंड उतरलं.

सर्व्हिस सेंटरला पाचपैकी साडेतीन देतो. माणसं वाईट नाहीत, पार्ट बसवणाऱ्या मेकॅनिकचं काम तर एकदम नीट, अर्धा मार्क त्याचाच. कापलेत ते "नॉर्मल आहे सर"साठी आणि पार्ट आलाय हे आपण फोन केल्यावरच कळतं त्याच्यासाठी. अडवून धरलं कुणी तर क्रम असा, आधी डीलरचा सर्व्हिस मॅनेजर, मग कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल जॉब कार्डचे फोटो लावून, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५. त्यानं पण नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग आपल्या कोल्हापुरातच आहे, २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता तिथंच केस टाकता येते, कंपनीचं हेड ऑफिस कुठं का असेना. गाडीला दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्ह्यातच चालते, मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत टाकावी लागते. माझं तिथपर्यंत गेलं नाही. डाव्या मागच्या दाराच्या रबराचा किरकिर आवाज अजून आहे, तो जॉब कार्डवर लिहून घेतलाय, पुढच्या सर्व्हिसला बघू काय म्हणतात ते.