एम20 चा जादा ताकदीचा थ्रेडेड रॉड घेताना: 4.8, 8.8, बी7, 10.9 की 12.9?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन नुसतं "एम20 चा थ्रेडेड रॉड द्या" (20 मिमी व्यासाचा, पूर्ण लांबीला आटे पाडलेला रॉड) म्हटलं, तर बहुधा 4.8 ग्रेडचा माइल्ड स्टीलचा रॉड हातात पडतो. पत्र्याचं शेड, पाइपाचं हँगर, केबल ट्रे यासाठी तो पुरेसा आहे. हायड्रॉलिक प्रेस, साखर कारखान्याची मिल किंवा वाफेची लाइन म्हटली की ग्रेड, म्हणजे ताकदीचा दर्जा, ठरवूनच घ्यावा लागतो. आमचं मत आधीच सांगतो: शंभरातल्या ऐंशी कामांना 8.8 पुरतो. उष्णतेच्या जागी बी7 (क्रोमियम-मॉलिब्डेनमच्या पोलादाचा ग्रेड) लागतो. 10.9 जागेची अडचण असेल तरच घ्यावा, आणि 12.9 चा थ्रेडेड रॉड शक्यतो घेऊच नये.

एम20 च्या रॉडचं आट्यांतलं क्षेत्रफळ 245 चौरस मिमी धरतात. त्यावरून निघणारे आकडे असे:

| ग्रेड | कायमचा न ताणता सोसणारा भार | कडकपणा (रॉकवेल सी) | जोडीचा नट |
|---|---|---|---|
| 4.8 | सुमारे 7.7 टन | सी स्केलवर मोजण्याइतका नाही | साधा |
| 8.8 | सुमारे 15 टन | 23 ते 34 | ग्रेड 8 |
| बी7 | सुमारे 18 टन (यील्डवर) | 35 पर्यंत | 2एच |
| 10.9 | सुमारे 20.7 टन | 32 ते 39 | ग्रेड 10 |
| 12.9 | सुमारे 24 टन | 39 ते 44 | ग्रेड 12 |

बी7 चा आकडा यील्डचा (रॉड कायमचा लांबायला लागतो तो भार) आहे आणि बाकीचे प्रूफ लोडचे (कायमचा न ताणता सोसणारा भार), म्हणून ही ओळ इतर ओळींशी काटेकोर ताडू नये. आपल्याकडे "ईएन8 चा रॉड", "ईएन19 चा रॉड" असं सर्रास म्हणतात. ते मटेरियलचं नाव आहे, ग्रेडचं नाही. ईएन19 ला योग्य हीट ट्रीटमेंट मिळाली तरच त्यातून 10.9 किंवा बी7 होतो. नुसत्या काळ्या बारवर आटे पाडून दिले तर तो ईएन19 असूनही कमकुवतच राहतो. म्हणून ऑर्डरवर मटेरियलच्या आधी ग्रेड लिहा.

प्रेस आणि टाय रॉड

बेळगावजवळच्या होनगा-मच्छे औद्योगिक पट्ट्यात सर्वांत जास्त चुकीची खरेदी होते ती इथे. उदाहरणादाखल चार टाय रॉडची (वरची-खालची प्लेट बांधून ठेवणारे रॉड) 50 टनी प्रेस घ्या. प्रत्येक रॉडवर 12.5 टन येतात. रॉड नटाने आधीच त्याहून जास्त ताणलेला असेल, तर प्रेस मारताना त्याच्यावरचा भार थोडाच वाढतो. पण आधीचा ताण कमी पडला तर प्रत्येक स्ट्रोकला प्लेट सुटते, भार शून्यापासून वर जातो आणि रॉड थकतो. तडा बहुतेक वेळा नटातल्या पहिल्या आट्याला जातो, कारण एकूण भाराचा जवळपास तिसरा हिस्सा तो एकटा उचलतो.

नटाने आधी दिलेला ताण प्रूफ लोडच्या 75 टक्के ठेवतात. 8.8 चा एम20 म्हणजे 11.2 टन: इथे कमी. 10.9 चा एम20 म्हणजे 15.5 टन: चालेल. 8.8 चा एम24 म्हणजे सुमारे 16.2 टन: हाही चालेल. पहिल्यांदा सगळ्यांना 10.9 सोपा वाटतो, कारण भोकं मोठी करावी लागत नाहीत. पण आटे असलेल्या रॉडची थकव्याची ताकद ग्रेड वाढवल्याने फारशी वाढत नाही. 10.9 चा फायदा एवढाच की तो जास्त ताणून ठेवता येतो, आणि तेवढं ताणलं नाही तर जास्तीचे पैसे वाया. प्लेटमध्ये 22 मिमीचं भोक 26 करायला जागा असेल तर एम24 चा 8.8 घ्या. कडेला वेल्ड असेल, सीलची जागा आड येत असेल, तरच 10.9.

ताण किती आला हे कळायला टॉर्क रेंच हवा. साधारण सूत्र: टॉर्क म्हणजे 0.2 गुणिले ताण गुणिले व्यास. 8.8 च्या एम20 ला कोरड्या आट्यांवर सुमारे 440 न्यूटन-मीटर, तेल लावलं तर 330. मॉलीचं (मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं) ग्रीस लावलं तर 265 पुरतात. गोंधळ इथेच होतो: तक्त्यातला 440 चा आकडा कोरड्या आट्यांचा, आणि फिटर मात्र प्रेमाने मॉली चोपडतो. मग ताण 18 टनांच्या वर जातो आणि 8.8 चा रॉड यील्ड होतो. तो तुटत नाही, लांबतो. आठवड्याने नट ढिला सापडला की दोष नटाला दिला जातो.

लांब टाय रॉडसाठी याहून भरवशाची खूण म्हणजे ताणाने आलेली लांबी. एम20 च्या एक मीटर लांबीला 11.2 टनांवर सुमारे 2.2 मिमी वाढ व्हायला हवी. आट्याचा पिच 2.5 मिमी, म्हणजे प्लेट पक्की बसल्यावर नटाला साधारण पाऊण ते एक फेरा द्यावा लागतो. रॉडची लांबी आधी आणि नंतर व्हर्नियरने मोजली की हिशेब जमतो. पाव फेऱ्यातच नट अडकला तर आटे घासताहेत, ताण आलेला नाही.

वाफ आणि उष्णता

निपाणी, चिकोडी, अथणीच्या साखर पट्ट्यात स्टीम लाइनच्या फ्लँजला 8.8 लावू नका. 8.8 ची ताकद टेंपरिंगवर (कडक केलेलं पोलाद पुन्हा ठरावीक तापमानाला गरम करणं) टिकलेली असते, आणि त्याला किमान 425 अंशांवर टेंपर करण्याची अट आहे. बी7 मध्ये क्रोमियम-मॉलिब्डेनम असतं आणि तो सुमारे 595 अंशांच्या वर टेंपर करतात. त्यामुळे गरम राहिला तरी तो सैल पडत नाही. 8.8 आणि 10.9 चे नियम 150 अंशांपर्यंतच गृहीत धरलेले आहेत. त्यापुढे गाळप हंगाम संपेपर्यंत गॅस्केट गळू लागतं. वाफ 480-500 अंशांच्या आसपास जाणाऱ्या लाइनींना बी7 ही अपुरा पडू शकतो. तिथे बी16 हा त्याहून जास्त उष्णता सोसणारा ग्रेड विचारा. बॉयलर कायद्याखाली येणाऱ्या जागी पर्याय शोधत बसू नका, ड्रॉइंगमध्ये जे लिहिलंय तेच आणि त्याच्या टीसीसकट (टेस्ट सर्टिफिकेट) घ्या. गंधकयुक्त वायू असलेल्या जागी बी7एम हा मऊ प्रकार मागतात. नेहमीच्या साखर कारखान्याला त्याची गरज नसते.

12.9, झिंक आणि आम्ल

12.9 चा एकच दोष पुरे आहे. 39 रॉकवेलच्या वरचं पोलाद झिंक प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन शोषतं आणि नंतर, नुसत्या आवळलेल्या स्थितीत, भार न वाढताही काही तासांनी किंवा दिवसांनी काडकन तुटतं. प्लेटिंगनंतर 190 ते 220 अंशांवर बेक करतात, तरी धोका पूर्ण जात नाही. प्लेटिंगवाल्याने बेक केलं की नाही हे आपल्याला डोळ्यांनी कळत नाही. 10.9 काठावर आहे, त्यामुळे त्यालाही प्लेटिंग करून घेताना बेकिंगचा कागद मागा. आणखी एक सवय मोडा: गंज काढायला रॉड हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवू नका. आम्लातूनही तोच हायड्रोजन पोलादात शिरतो.

खानापूरच्या पावसात किंवा गोव्याकडे पाठवायच्या कामाला 5-8 मायक्रॉनचा झिंकचा थर एका पावसाळ्यात हार मानतो. तिथे हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड 8.8 योग्य. मात्र नटाचे आटे थोडे मोठे पाडलेले हवेत. साधा नट चढवायला गेलात तर फिटर डाय घालून आट्यांवरचा झिंक खरवडून टाकेल, मग गॅल्व्हनाइझिंग केलंच कशाला?

काँक्रीटमधला रॉड

केमिकल अँकरला (काँक्रीटच्या भोकात केमिकलने चिकटवलेला रॉड) 10.9 घेण्यात अर्थ नाही. भोक उथळ असेल तर काँक्रीटचा कोनच आधी उचकटतो, रॉडची ताकद कामी येत नाही. 5.8 किंवा 8.8 घ्या आणि वाचलेला पैसा खोल भोकावर घाला. भोकाचा व्यास केमिकलच्या कागदावर असतो. फुंकर, ब्रश, पुन्हा फुंकर, हा क्रम चुकवला तर केमिकल काँक्रीटऐवजी धुळीला चिकटतं.

तपासणी आणि कापणी

टोकाचा रंग हा पहिला इशारा: 8.8 ला पिवळा, 10.9 ला पांढरा. पण रंगाची बाटली कोणाकडेही असते. टीसीवरचा हीट नंबर (पोलादाच्या एका वितळीचा क्रमांक) रॉडच्या लेबलशी जुळवा आणि एखादा तुकडा कापून टोकाचा रॉकवेल घ्या. एम20 चा 8.8 म्हणून घेतलेला रॉड 23 च्या खाली आला, तर तो परत पाठवा. फाउंड्रीतली 3000 किलो भाराची ब्रिनेल कडकपणा चाचणी (गोळी दाबून घेतात ती) मात्र एम16 च्या टोकावर वापरू नका, कड फुगते आणि आकडा खोटा येतो.

कापताना आधी नट आत चढवा, मग अब्रेसिव्ह व्हीलने पाणी मारत कापा आणि नट बाहेर काढा. कापलेल्या टोकाचे आटे आपोआप सरळ होतात. गॅसने कापू नका आणि 8.8 पासून पुढच्या कुठल्याही रॉडला वेल्ड करू नका. वेल्डच्या शेजारचा पट्टा कडक-ठिसूळ होतो आणि तिथेच तडा धरतो. फूटभर तुकडा उरला की रंग लगेच परत लावा. कपाटात रंगाशिवाय पडलेला तुकडा 8.8 आहे की 4.8, हे नंतर कोणीच खात्रीने सांगू शकत नाही.

नटात काटकसर नको. 8.8 च्या रॉडवर साधा पातळ नट लावला तर रॉड तुटण्याआधी आटे जातात, तेही हळूहळू, कोणाच्या लक्षात न येता. नटाची उंची व्यासाच्या किमान 0.8 पट हवी, म्हणजे एम20 ला 16 मिमी.

खरेदी कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावातून करत असाल, तर महाराष्ट्रातून येणाऱ्या मालावर आयजीएसटी लागतो, 18 टक्के. बेळगावात घेतला तर तेच सीजीएसटी आणि एसजीएसटीत विभागून. क्रेडिट दोन्हीकडे मिळतं, म्हणून दर ताडताना करासकट नाही, करावेगळा दर ताडा. 50 हजारांवरच्या मालाला ई-वे बिल लागतंच. टीसीची प्रत गाडीसोबत येईल म्हणून थांबू नका, ऑर्डर देतानाच मेलवर मागवा, मागाहून मिळालेली टीसी बऱ्याचदा दुसऱ्याच हीटची असते.